फुटामागे एक सूत

माझा पोपट खाकी झाला होता.

१९६५ चा पावसाळा. मी आठवीत होतो. एलिमेंटरी परीक्षेच्या तयारीसाठी ड्रॉइंगच्या मास्तरांनी डाळिंबाच्या फांदीवर बसलेला पोपट काढायला सांगितला होता. चोच, पंख, फांदीचा बाक सगळं मी मन लावून काढलं, रंग भरले आणि कागद वर धरला. वर्गात एकच हशा पिकला. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "पोलीस पोपट!"

मला काही कळेना. माझ्या डोळ्यांना तो पोपट हिरवाच दिसत होता.

शाळा सुटल्यावर मास्तरांनी मला थांबवून घेतलं. रंगाच्या पेटीतल्या वड्या एकेक करून विचारल्या. चार-पाच ठिकाणी मी चुकलो. त्यांनी पेटी मिटली, माझा कागद खिडकीशी नेला आणि पाठीमागून उजेडात धरला. रंग फिके पडले, पेन्सिलीची रेष तेवढी उठून दिसायला लागली.

"रेष चोख आहे तुझी," ते म्हणाले. "इथून पाच-सहा मैलांवर वाडीचा कारखाना आहे ना? तो काढणाऱ्या माणसाला सगळे रंग धड दिसत असते, तर तो कारखाना झालाच नसता. जा घरी."

आमच्याकडे नुसतं 'वाडी' म्हटलं की किर्लोस्करवाडी. त्या वाडीचे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर २६ सप्टेंबर १९५६ ला गेले, तेव्हा मी चार वर्षांचा होतो. त्यांना मी पाहिलेलं नाही. त्यांच्या कारखान्यात एक दिवसही नोकरी केलेली नाही. त्यांचं मीठ मी खाल्लेलं नाही, तरी त्यांचं देणं लागतो, असं गेली पन्नास-पंचावन्न वर्षं मला वाटत आलं आहे. हिशेब लिहायला बसायला उशीरच झाला.

मास्तरांनी सांगितलेली गोष्ट पुढे मी ठिकठिकाणी वाचली. लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील वेदान्ताचे अभ्यासक. या मुलाचं चित्त मात्र चित्रांत आणि यंत्रांत. १८८५ मध्ये तो मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. काही काळानंतर लक्षात आलं, की आपल्याला काही रंग नीट ओळखू येत नाहीत. चित्रकार व्हायला आलेल्या पोराला हे कळणं म्हणजे काय, ते दुसऱ्या कुणाला नसेल, पण मला ठाऊक आहे. पोटात खड्डा पडतो आणि सांगता कुणालाच येत नाही, कारण जे दिसतच नाही ते दाखवणार कसं?

लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेष सोडली नाही. ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. बढतीची वेळ आली, तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात सायकलींचा धंदा होताच. किर्लोस्कर बंधू ही पेढी आपलं जन्मसाल १८८८ धरते. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या, थोरले भाऊ रामूअण्णा त्या विकायचे आणि बसायला शिकवायचेही. शिकवणीचे पंधरा रुपये वेगळे. त्या काळात सायकल हे श्रीमंताचं नवल होतं, तेव्हा पंधरा रुपये देणारेही निघत.

सायकली विकणारी दुकानं पुढे पुष्कळ झाली. लक्ष्मणरावांचं वेगळेपण असं, की ते त्या दुकानात बसून कडब्याकडे बघत होते. गुरांपुढे आखा कडबा टाकला की निम्मा पायदळी जातो, हे शेतकऱ्याच्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा बघतं. त्यावर यंत्र निघेल असं ते पोर म्हणत नाही. त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं. मग लोखंडी नांगर. १९०३ च्या सुमाराला तो तयार झाला आणि गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमिनीत विष पसरतं, असं शेतकरी म्हणत. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली.

मी हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण आमच्या घरातही हेच म्हणत.

आमची जमीन काळी, कृष्णाकाठची. तिच्यात हरळी आणि कुंदा. ज्यानं कुंदा खणला नाही त्याला तो शब्द वाचून काही वाटायचं नाही. हातभर खाली मुळ्या, वरून कितीही खुरपा, पावसाळ्यात पुन्हा हजर. लाकडी नांगर वरची माती खरवडायचा. मुळीला धक्का लागायचा नाही. लोखंडी नांगर खोल जाऊन ढेकूळ उलथंपालथं करायचा, मुळ्या उन्हात पडून वाळायच्या. आजोबांचे वडील म्हणायचे, "काळ्या आईच्या पोटात लोखंड घालू नगंस." ते वारल्यावर आजोबांनी वाडीचा नांगर आणला. ओढायला दोन बैल घरचे, दोन भावकीकडून पैऱ्याने. दोन हंगामांच्या गुळाच्या पट्टीतून पैसे फेडले. फुकट काही मिळालं नव्हतं. लक्ष्मणराव धर्मादाय करायला बसले नव्हते. ते कारखानदार होते, नांगराची किंमत घेत होते.

म्हणूनच एकदा मी आजोबांना विचारलं होतं, की नांगराचे पैसे तर तुम्ही दिलेत, मग दसऱ्याला त्या नांगराला नारळ कशाला फोडता?

आजोबा म्हणाले, "पैसं नांगराचं दिलं. हरळी गेली त्येचं कुठं दिलं?"

ऋणाची याहून नेमकी व्याख्या मला अजून कुठल्या पोथीत सापडली नाही. वस्तूची किंमत चुकती होते. त्या वस्तूमुळे जे निघून गेलं किंवा जे उगवलं, त्याची पावती कुणी फाडत नाही.

वाडी उभी राहिली ती १९१० मध्ये, १० मार्चला. त्याआधी बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली होती. चालता धंदा, भट्टी, माणसं घेऊन जायचं कुठे? औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन दिली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. हे राजे स्वतः चित्रकार. औंधला त्यांनी उभारलेलं चित्रसंग्रहालय आजही बघता येतं. रंग सुटलेल्या एका चित्रकाराला रंगात बुडालेल्या दुसऱ्या चित्रकाराने जागा द्यावी, यात मला नेहमी मौज वाटत आली आहे.

जागा म्हणजे निवडुंगाचं रान. पाणी नाही, साप मात्र हवे तितके. तिथे आलेली पहिली माणसंही बाजारभावाने फार मोलाची नव्हती. अनंतराव फळणीकरांचं शिक्षण अर्धवट सुटलेलं. वाडीत ते यंत्रांची नवी रचना करणारे इंजिनिअर झाले. मंगेशराव रेगे कारकून म्हणून आले आणि सगळा हिशेब त्यांच्या हाती गेला. शंभूराव जांभेकर अडलेलं यंत्र चालू करणारे. रात्रीच्या पहाऱ्यावर लक्ष्मणरावांनी जी माणसं नेमली, त्यांत तर शिक्षा भोगून आलेले, पंचक्रोशीत ज्यांच्या नावाने पोरांना भीती घालत असेही होते. ज्यांच्यापासून राखण करायची त्यांच्याच हातात काठी दिली, आणि ती माणसं विश्वासाला उतरली. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा नियमही त्यांनी केला. आसपासच्या गावांत पाणवठे वेगळे होते त्या काळातली ही गोष्ट.

ही नावं मी तरुणपणी वाचली तेव्हा कौतुक वाटलं, पण अर्थ लागला नाही. अर्थ एका मिस्त्रीने लावून दिला, आणि त्याला लक्ष्मणरावांबद्दल काडीचीही माहिती नव्हती.

मॅट्रिक झाल्यावर मी एका सरकारी नोकरीसाठी लेखी परीक्षा पास झालो होतो. घरात पेढे वाटून झाले. मग डॉक्टरी तपासणी आली. डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक पुढे केलं. "आकडा दिसतो?" मला ठिपकेच दिसत होते. त्यांनी पान उलटलं, पुन्हा ठिपके. तिसऱ्या पानाला त्यांनी पुस्तक मिटलं, तेव्हा मास्तरांनी मिटलेली पेटी आठवली. त्या डॉक्टरांची काही चूक नव्हती. रंग धड न दिसणाऱ्याला तिथे कोण घेणार? पण एस.टी.ने परत येताना मी खिडकीला डोकं टेकून बसलो होतो, आणि कऱ्हाड गेल्यावर मास्तरांचं दुसरं वाक्य आठवलं. रंग धड दिसत असते, तर तो कारखाना झालाच नसता.

घरी न जाता मी दुसऱ्या दिवशी कोल्हापूर गाठलं. उद्यमनगरात एका ओतकामाच्या कारखान्यात पॅटर्नच्या सुतारकामाला उमेदवार म्हणून लागलो. पॅटर्न म्हणजे लाकडाचा नमुना. तो वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा, उरलेल्या पोकळीत वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं. आधी कागदावर रेष, मग लाकडावर रेष. रंगाचं काम नाही असं मला वाटलं होतं. तिथेही रंग निघालाच. पॅटर्नचा कुठला भाग मशीनवर जाणार, कुठे कोअर, म्हणजे आतल्या पोकळीचा वाळूचा गाभा, बसणार, त्याच्या खुणा वेगवेगळ्या रंगांनी करतात. सागवानावरचा लाल मला सागवानासारखाच दिसतो. मी मिस्त्रींना खरं सांगून टाकलं आणि हाकलून देण्याची वाट बघत उभा राहिलो.

मिस्त्री विडी शिलगावत म्हणाले, "मग अक्षरं लिही की. मशीनला म, कोअरला क. मोल्डरला वाचता येतंय." आणि वर म्हणाले, "डोळ्याचं सोड. आधी ही पट्टी बघ."

त्यांनी माझ्या हातात एक पट्टी दिली. मी ती माझ्या फूटपट्टीशेजारी लावली. त्यांची पट्टी जरा लांब होती. आकडे तेच, बारा इंचच, पण प्रत्येक इंच किंचित मोठा.

"लोखंड निवताना आकसतं," मिस्त्री म्हणाले. "बिडाला फुटामागे एक सूत. जेवढी वस्तू पाहिजे तेवढाच पॅटर्न केलास, तर वस्तू बारकी निघणार. म्हणून पॅटर्न मोठा धरायचा. किती, ते ज्याला कळलं, तो मिस्त्री."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एवढंसंच. पण हे एक सूत मला कळलं आणि वाडीची ती नावं एकदम माझ्यापुढे उभी राहिली. लक्ष्मणरावांनी माणसं त्यांच्या मापाची धरलीच नव्हती. अर्धवट शिकलेल्याला त्यांनी इंजिनिअरच्या मापाने धरलं, शिक्षा भोगून आलेल्याला राखणदाराच्या. दिवस वाईट येतात, माणूस निवतो, आकसतो. तेवढी जागा आधीच सोडून ठेवायची. आकसून आकसून तो निदान माणसाच्या मापाचा तरी उरतो. मला हाकलून न देता 'अक्षरं लिही' म्हणणाऱ्या मिस्त्रींनी तेच केलं होतं. खिडकीशी कागद धरणाऱ्या मास्तरांनीही तेच केलं होतं.

वाडीचा कारखाना चालवणं वाटतं तितकं सोपं नव्हतं. पहिल्या महायुद्धात परदेशातून येणारं लोखंड आटलं आणि नांगर करायला कच्चा माल उरला नाही. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले, म्हणून भाषणांत टाळ्या मिळतात. मला मात्र ती तोफ फोडणारी माणसं दिसतात. आखी तोफ भट्टीच्या तोंडात जात नाही. घणाचे घाव घालून तिचे तुकडे करावे लागतात, आणि त्या कामाला लागलेल्या माणसाचा दंड रात्री वर होत नाही.

वाडीत आणखी एक ओतकाम चालायचं. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शंवाकि, चित्रकार आणि व्यंगचित्रकार. काकांच्या हातून सुटलेला कुंचला पुतण्याने धरला म्हणा ना. १९२० मध्ये त्यांनी 'किर्लोस्कर खबर' काढली ती मुळात कारखान्याची आणि मालाची बातमी गिऱ्हाइकांना कळावी म्हणून. नांगराच्या माहितीतून तिचं मासिक झालं, पुढे ते 'किर्लोस्कर' झालं. १९३० मध्ये 'स्त्री' आलं, १९३४ मध्ये 'मनोहर'. आमच्या आत्या तरुणपणी विधवा होऊन माहेरी आलेल्या. वाडीत कामाला असलेल्या एका शेजाऱ्याकडून 'स्त्री'चे जुने अंक त्यांच्याकडे येत. चुलीपुढे बसून अक्षर न् अक्षर वाचायच्या. माझ्या बहिणीचं लग्न सातवीनंतर ठरवायचं घाटत होतं, तेव्हा जन्मात कधी आवाज न चढवलेल्या आत्या उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. बहीण पुढे शिक्षिका झाली. हाही आकडा माझ्या हिशेबात आहे.

आता हिशेबातली नावेची बाजू लिहायची राहिली आहे. ती लिहिताना हात जड होतो.

१९४८ च्या जानेवारीच्या अखेरीला गांधीजींचा खून झाला. नंतरच्या दिवसांत आमच्या भागात ब्राह्मणांची घरं जळाली. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही जमावाने आग लावली. ज्या रानातला निवडुंग काढून भट्टी पेटवली होती, तिथेच ही जाळपोळ झाली. त्या जमावात आमच्या गावचे लोक होते की नव्हते, हे घरात कधी कुणी बोललं नाही. मी आजोबांना विचारलं तेव्हा ते उठून गोठ्यात गेले. आजी तेवढं म्हणाली, "त्या रातीला तुजा आजा जेवला न्हाई. नांगरापाशी जाऊन बसला हुता."

ते का बसले होते? शरमेने, की कुणी त्या नांगरावर दगड टाकेल या भीतीने, की नुसतेच? विचारायचं राहून गेलं. कारखाना पुन्हा उभा राहिला, पंप आणि यंत्रं पुन्हा बाहेर पडू लागली. आमच्या भागातल्या विहिरींवर पुढे तेच पंप बसले. ज्या गावांतून जमाव गेला असेल, त्याच गावांच्या उसाला त्यांनी पाणी दिलं. याबद्दल कुणी कुणाची माफी मागितल्याचं मी तरी ऐकलं नाही. ऋणानुबंध हा शब्द आपण फार गोड करून ठेवला आहे. त्यातला 'बंध' कधीकधी काचतो.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकून आले. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली, आणि डिझेल इंजिनाचा तो ठोका खेड्यापाड्यांत पोचला. पुण्यात मॉडेल कॉलनीत लकाकी नावाचा रस्ता आहे. मुलाकडे गेलो की मी तिथून मुद्दाम चालत जातो. एकदा तिथल्या रिक्षावाल्याला विचारलं, लकाकी म्हणजे काय हो? तो म्हणाला, "काही तरी लकाकणारं असेल." लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर, या नावाची ती आद्याक्षरं. मी त्याची चूक दुरुस्त केली नाही.

गेल्या वर्षी पुतण्याने फोन केला. आजोबांचा नांगर गोठ्यात पडून होता, तो त्याला नीट करून अंगणात मांडायचा होता. फाळ ज्यावर बसतो तो बिडाचा तुकडा तडकला होता. तो म्हणाला, "काका, जुना तुकडा जोडून तोच वाळूत दाबला आणि नवा ओतून घेतला. पण बोल्ट जाईना."

मला फोनवरच हसू आलं. "भोकांत अंतर किती आहे?"

"सहा इंच."

"मग अर्धं सूत चुकलंय. जुना तुकडा ओतून, निवून, आकसून झालेला. त्याचाच पॅटर्न केलास, तो आणखी आकसला. याची नक्कल केलीस तर अजून बारका निघेल. बारका तुकडा फेकून दे आणि जुना इकडे पाठव."

तुकडा आला. मागे वाडीचं नाव अजून बोटाला लागत होतं. डोळे अधू झालेत, पण रेष अजून चोख येते. सागवानाची एक फळी काढली, मिस्त्रींची पट्टी काढली. ती पट्टी त्यांनी जाताना मला दिली होती. जुन्या तुकड्याचं माप घेतलं, मागची बाजू किती झिजली असेल त्याचा अंदाज धरला, आणि त्या मोठ्या इंचांनी नवीन आखणी केली. शेजारी रंधा मारायला शिकणारा पोरगा उभा होता. त्याने दोन पट्ट्या एकमेकींना लावून बघितल्या आणि म्हणाला, "आजोबा, ही पट्टी चुकीची आहे."

"नाही रे," मी म्हटलं, आणि त्याच्या हातात पेन्सिल दिली. "इथं म लिही."